गिअरशेजारची झाकणी

कवळीवाल्याच्या बायकोला गाडी चालवता येत नव्हती, असं नाही. लग्नाआधी वडिलांच्या वखारीचा टेम्पो तिने चालवला होता, तोही लाकडांनी भरलेला, तोही चढावर. लायसन्स होतं. पण नवऱ्याने घेतलेली जुनी ऑटोमॅटिक गाडी काही केल्या तिला दाद देत नव्हती.

नवरा दातांच्या कवळ्या करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं काम चाले. प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, घासायचं मशीन आणि सगळ्यावर बसलेली पांढरी धूळ. हात सोन्याचा, असं सगळे दातांचे डॉक्टर म्हणत. जिभेचं काय ते घरातल्यांना माहीत. तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायचं काम बायकोकडे होतं. मांडीवर डबा धरून ती बसने जायची. गाडी दारात आली तेव्हा तिला वाटलं, सुटले बाई एकदाची.

पहिले काही महिने त्याने तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "आधी माझा हात बसू दे," म्हणायचा. मग एका रविवारी चहा पिता पिता स्वतःहूनच म्हणाला, "चल, आज तू चालव." त्या दिवशी तो फार खुशीत होता.

ती बसली. आरसा नीट करून घेतला. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं. ब्रेकवर पाय ठेवून तिने गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबलं आणि दांडा मागे ओढला. तो 'पी'वरून, म्हणजे पार्किंगवरून, हललाच नाही.

"ब्रेक दाबलास का?"

"दाबलाय की."

"मग ओढ ना. अगं ओढ, गाडीचा दांडा आहे, कुत्र्याचं शेपूट नाही!"

तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. तळहात लाल झाले. शेवटी तो हसत म्हणाला, "उतर. जा, फाटक उघड." ती फाटक उघडून वळते तोच गाडी सरळ तिच्याकडे येत होती. बाहेर जाऊन थांबली. तिने फाटक लावलं आणि मागून चालत जाऊन शेजारी बसली.

"लोण्यासारखा पडतो," तो म्हणाला. "नाचता येईना, अंगण वाकडं."

त्यानंतर हा खेळच झाला. महिन्यातून दोनतीनदा तो तिला स्टिअरिंगवर बसवायचा, आणि शक्यतो चार माणसांसमोर. थोरले दीर आणि जाऊबाई जेवायला आले की हात धुता धुता म्हणायचा, "चला, आमच्या बाईसाहेबांची कसरत बघू." सगळे अंगणात यायचे. ती दात आवळून ओढायची. जाऊबाई म्हणायच्या, "अगं, जरा प्रेमाने!" दीर म्हणायचे, "गाडीला कळतं हो, मालक कोण ते." मग तो तिला काहीतरी निमित्त काढून उतरवायचा. कधी फाटक, कधी "मागचं दार नीट लागलंय का बघ." ती पुन्हा पुढे येईपर्यंत दांडा पडलेला असायचा.

एकदा एका दवाखान्याच्या दारातच त्याने गाडी उभी केली. "डॉक्टरांशी बोलून येतो. कुणी हॉर्न दिला तर पुढे घे." चावी आत ठेवून तो गेला. थोड्याच वेळात मागे एक व्हॅन आली. तिच्यात गाल सुजलेली एक म्हातारी बसली होती, डोळे मिटून, मुलाच्या खांद्यावर डोकं टाकून. व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. ही सरकून स्टिअरिंगवर बसली. ब्रेक, बटण, दांडा. पुन्हा ब्रेक, पुन्हा बटण. व्हॅनवाला खाली उतरून काचेवर थापा मारायला लागला, "चालवता येत नाही तर बसता कशाला?" तिचं नख मुळापासून उलटलं आणि दांड्यावर रक्त लागलं. तिने मदतीसाठी वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत नवरा आणि डॉक्टर उभे होते. नवरा हवेत दोन्ही हातांनी काहीतरी ओढून दाखवत होता आणि डॉक्टर तोंडावर हात धरून हसत होते.

तो सावकाश खाली आला. व्हॅनवाल्याला म्हणाला, "माफ करा हं, आमच्याकडे असंच आहे." तिला म्हणाला, "मागचं दार बघ."

हळूहळू तिला ते खरं वाटायला लागलं. आपल्याच मनगटात काहीतरी कमी आहे, आपण काहीतरी उलटं करतो. भांडी घासताना मध्येच तिचा पाय फरशीवर दाबला जायचा आणि अंगठा हवेत बटण शोधायचा. कवळ्यांचा डबा मांडीवर घेऊन ती पुन्हा बसने जायला लागली. "दारात गाडी," नवरा लोकांना सांगायचा, "आणि बाईसाहेब बसने!"

तिच्या बाजूचं एकच माणूस होतं, तिचा धाकटा भाऊ. त्याचं काम झाडं छाटायचं. कमरेला दोर बांधून तो पार शेंड्यापर्यंत चढायचा, म्हणून सगळे त्याला खारू म्हणायचे. एका रविवारी तो जेवायला होता आणि अंगणात कसरतही झाली. दीर हसले, जाऊबाई हसल्या. खारू हसला नाही.

"भाऊजी, ताई भरलेला टेम्पो फळीवरून रिव्हर्स घ्यायची. मी मागे उभा असायचो. हिला दांडा ओढता येत नाही? गाडीतच खोट आहे."

"खोट आहेच," नवरा म्हणाला. "पण गाडीत नाही."

"मग मला बघू द्या. आत्ता."

"आत्ता नको, जेवण अंगावर आलंय. पुढच्या रविवारी मैदानावर जाऊ. मोकळी जागा, कुंपण मोडायची भीती नाही. ये की, शिकव बहिणीला."

मैदानावर पोचल्यावर त्याने काय युक्ती काढली असती कुणास ठाऊक. ती वेळ आलीच नाही.

पुढच्या रविवारी खारू सकाळीच मोटारसायकलवर आला. ताईसाठी झाडावरून पडलेलं एक घरटं घेऊन आला होता, रिकामं, कापसाने विणलेलं. "बघ, याला गिअर नाही," म्हणाला. ती हसली, आणि घरटं खिडकीत ठेवून निघाली. नवरा गाडी चालवत होता, ती शेजारी, खारू मागून. सरळ रस्ता होता. एका गल्लीतून सामानाची गाडी अचानक उलटी बाहेर आली. नवऱ्याने कचकन ब्रेक मारला. सामानाच्या गाडीला त्यांची गाडी लागली नाही, जेमतेम हातभर राहिली. आणि मागून कपाट कोसळावं तसा आवाज आला.

खारूने शेवटच्या क्षणी मोटारसायकल बाजूला घातली होती. बंपरचा कोपरा आणि मोटारसायकल यांच्यामध्ये त्याचा उजवा पाय सापडला. ती धावत गेली तेव्हा तो शुद्धीत होता. "ताई, बूट काढ," तो म्हणत होता, "बूट घट्ट होतोय." तिने बुटाकडे पाहिलं आणि त्याला हात लावला नाही.

डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढला.

पोलीस जबाब घ्यायला आले. "पुढची गाडी थांबली, तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं?"

"समोरच होतं," खारू म्हणाला. "पण लाल दिवा दिसलाच नाही मला."

नवरा कॉटशेजारी स्टुलावर बसून संत्रं सोलत होता. "दिवा लागला होता रे," तो शांतपणे म्हणाला. "ब्रेक दाबला की लागणारच. तुझीच नजर हलली असेल. होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नकोस." आणि त्याने एक फोड खारूच्या तोंडात दिली. पोलिसांनी गाडी पाहिली तेव्हा मागचे दिवे लख्ख लागत होते. त्यांनी तसं लिहून घेतलं.

काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये जेवण न्यायचं होतं. नवऱ्याने तिच्याकडे चावी फेकली. "जा घेऊन. बघ प्रयत्न करून." चेष्टा नव्हती आवाजात.

ती बसली. ब्रेक दाबला. दांड्याच्या बुडाशी 'टक' असा बारीक आवाज आला. तो तिने कधीच ऐकला नव्हता. बटण दाबून तिने दांडा ओढला आणि तो आपसूक खाली आला. ती तिथेच रडायला लागली, आनंदाने. सगळा रस्ता तिने खिडकी उघडी ठेवली होती. वॉर्डात शिरतानाच ती म्हणाली, "खारू, गाडी चालवत आले! एकटी!" खारूने औषधाच्या गुंगीत डोळे किलकिले केले आणि हसला. "मी म्हणालो होतो ना," तो म्हणाला.

बंपर दुरुस्त करायलाही गाडी तीच घेऊन गेली. मेकॅनिकने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि आत वाकून ब्रेक दाबून पाहिला.

"आता बरं वाटतं ना? किती दिवस म्हणत होतो, स्विच बदला. त्यांचं आपलं एकच, राहू दे, चाललंय."

"कसला स्विच?"

"ब्रेकचा. पायाशी असतो." तो हातांनी दाखवत सांगायला लागला. "या गाड्यांना दोन कुलपं असतात. दांडा 'पी'वर असल्याशिवाय चावी निघत नाही, आणि ब्रेक दाबल्याशिवाय दांडा 'पी' सोडत नाही. पाय ब्रेकवर आहे हे गाडीला तो स्विच सांगतो. तोच मेला, तर तुम्ही ब्रेकवर उभ्या राहा, दांडा हलायचा नाही. मग ही झाकणी उघडायची."

दांड्याशेजारी प्लास्टिकची एवढीशी चौकोनी झाकणी होती. तिने ती शेकडो वेळा पुसली होती. मेकॅनिकने नखाने ती उचकली. खाली एक भोक होतं. "यात काहीतरी बारीक घालून दाबायचं, की दांडा सुटतो. मीच दाखवलं होतं त्यांना. तात्पुरतं म्हणून. वर्षभर तसंच चालवलं त्यांनी."

भोकाच्या कडेला गुलाबी मेण लागलं होतं. नवऱ्याच्या खिशात मेण कोरायची सळई कायम असायची.

तिला तो खुशीचा रविवार आठवला. "चल, आज तू चालव."

"त्या एका स्विचने अजून काय होतं?" तिने विचारलं. उत्तर यायच्या आधीच तिला ते कळलं होतं.

"मागचे लाल दिवे. तेही त्याच्यावरच असतात."

"आणि बदलला कधी?"

"त्या अपघाताच्याच संध्याकाळी आले होते. घाईत होते फार..." मेकॅनिक बोलता बोलता थांबला. झाकणी त्याने परत बसवली आणि हात पुसायला फडकं शोधायला लागला. "बाई, मला यात ओढू नका. मी सांगितलं होतं त्यांना. माझं काम सांगायचं. पोलिसांसमोर मी काही बोलणार नाही, आत्ताच सांगतो."

ती घरी आली तेव्हा नवरा खिडकीशी बसून एक कवळी घासत होता. तिने मशीनचं बटण बंद केलं आणि सगळं सांगितलं. त्याने एकही शब्द नाकारला नाही.

"गंमत होती," तो म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर गंमत कसली राहिली?"

"खारूचा पाय गेला."

"सामानाची गाडी मी आणली होती का गल्लीतून?" त्याने कवळी उजेडात धरली, अंगठ्याने दात चाचपले. "आणि सांगायचंच असेल तर जा, सांग त्याला. पण तो पहिला प्रश्न काय विचारेल, माहितेय? दर वेळी मी गाडी फाटकाबाहेर काढून ब्रेक दाबून उभा राहायचो. दर वेळी तू फाटक लावून मागून चालत यायचीस. मागचे दिवे विझलेले असायचे, आणि ते एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर असायचे. त्यांच्याकडे तू एकदा तरी पाहिलंस?"

त्याने मशीन पुन्हा चालू केलं.

ती गेली नाही सांगायला. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिली. दर वेळी खारूच्या दारात पाय ठेवला, की तो प्रश्न तिच्या छातीवर येऊन बसायचा. खारू घरी आला होता. कुबड्या शिकला होता. लोकांना त्याला हाक मारताना अडखळायला व्हायचं. तोच म्हणायचा, "खारूच म्हणा की. जमिनीवरची खार." पण त्याच्या मनाने एकच घेतलं होतं, की दोष आपल्या नजरेचा. तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचा. सगळं ठीक आहे, असं ते सांगायचे, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचा. टेबलावर लाल पेला ठेवून तो एकेक डोळा झाकून बघत बसायचा. झाडं छाटायच्या कंपनीने त्याला मुकादम म्हणून परत बोलावलं. जागोजागी गाडीने फिरायचं आणि खालून माणसांना सांगायचं, कुठली फांदी तोडायची. त्याने नाही म्हणून कळवलं.

"कुणाचा तरी जीव घेईन मी, ताई," तो म्हणाला. "मला समोरचं दिसत नाही."

तेव्हा तिने सांगितलं. झाकणी, सळई, मेण, स्विच, सगळं. फाटकाचंही तिने लपवलं नाही. बोलताना ती त्याच्या पँटच्या रिकाम्या पायाकडे बघत होती, जिथे कापड दुमडून पिन लावली होती.

खारूने विचारलं, पण तो प्रश्न नवऱ्याने सांगितलेला नव्हता.

"तुला कधी कळलं?"

"तू हॉस्पिटलात होतास तेव्हा."

"म्हणजे मी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारात रांगेत बसत होतो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"इथे, या खुर्चीत बसून तू मला पेल्याकडे बघताना बघत होतीस."

"खारू, मी..."

"चावी दे."

तिने दिली. तो कुबड्यांवर बाहेर गेला, गाडीत बसला, कुबड्या मागच्या सीटवर टाकल्या. ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो, दोनच पेडल. डाव्या पायाने त्याने ब्रेक दाबला, दांडा ओढला आणि घराभोवती एक संथ फेरी मारून आला. काच खाली करून म्हणाला, "ही इथेच राहील. तू बसने जा."

ती घरी पोचली. "गाडी कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"खारूला दिली. त्याला सगळं सांगितलंय."

त्याच्या चेहऱ्यावर राग आला आणि कुठेतरी आत वळला. "बरं केलंस," तो म्हणाला, आणि फोन उचलला. दिरांना, डॉक्टरांना, ज्याला त्याला त्याने आपणहून सांगितलं, "मेव्हण्याला गाडी देऊन टाकली. बिचाऱ्याचा पाय गेला, निदान चाकं तरी असावीत." जाऊबाई रडल्या म्हणे ऐकून. पोलिसांत जावं तर मेकॅनिक तोंड उघडणार नव्हता, आणि गाडी दान देणाऱ्याविरुद्ध आता कुणी ऐकूनही घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन त्याच खिडकीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, "तुमचे मिस्टर फार मोठ्या मनाचे हो." तिने डबा खाली ठेवला आणि उभ्या उभ्या त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "भावाचं दुःख मोठं असतं. माणूस कुणावर तरी राग काढतोच. तुम्ही जरा विश्रांती घ्या." आणि त्यांनी डबा उघडून कवळी पाहिली. "वा," म्हणाले, "काय हात आहे!"

त्या आठवड्यातच तिने नवऱ्याचं घर सोडलं. त्याने अडवलं नाही, फक्त विचारलं, "कवळ्या कोण पोचवणार?" ती खारूकडे गेली होती आधी, पिशवी घेऊन. त्याने दार उघडलं, पिशवीकडे पाहिलं, आणि आत ये म्हणाला नाही. "जागा नाही," म्हणाला. मागे दोन खोल्या रिकाम्या दिसत होत्या.

शहराच्या दुसऱ्या टोकाला कवळ्यांचाच एक कारखाना होता. तिथे तिला मेण तासायचं काम मिळालं. इतकी वर्षं बघून बघून तिचा हात बसलेला होता. लॉन्ड्रीवरची एक खोली मिळाली, जमीन कायम गरम असलेली. मुकादमाचं काम खारूने घेतल्याचं तिला लोकांकडून कळलं. चांगलं जमत होतं त्याला. माणसं म्हणायची, खालून इतकं अचूक सांगणारा दुसरा नाही.

एका दुपारी ती स्टॉपवर उभी होती. ऊन रणरणत होतं. सिग्नल पडला आणि तीच गाडी नेमकी तिच्यासमोर येऊन थांबली. खारू एकटाच होता. त्याने तिला पाहिलं. ती दोन पावलं पुढे आली आणि खिडकीत वाकली.

"खारू, माझ्याच बाजूला चाललायस का?"

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, अगदी शांतपणे, अनोळखी बाईकडे बघावं तसं.

"बस येईल इतक्यात," तो म्हणाला.

सिग्नल सुटला आणि तो गेला. बस बऱ्याच वेळाने आली. भरलेली होती. कुणाची तरी कोपरं चुकवत ती दारातच उभी राहिली.